२२ मिनिटांची शॉर्टफिल्म: या फेस्टिव्हलला पाठवायची की थांबायचं?

कोराकॅनव्हास: शॉर्टफिल्म श्रेयनामावलीसकट २२ मिनिटांची, २५ एफपीएसवर (सेकंदाला २५ फ्रेम) शूट केलेली. एडिट लॉक झालंय, म्हणजे संकलन पक्कं झालंय, साउंड मिक्स बाकी आहे. एका छोट्या स्वतंत्र फेस्टिव्हलची मुदत पाच दिवसांत संपतेय आणि आता लेट फी लागतेय. निवड झाली तर पहिला शो तिथेच होईल. त्यामुळे मोठ्या फेस्टिव्हलचे दरवाजे बंद होतात का?

रीळगाडी: आधी लांबी बघा, निम्मा निर्णय तिथेच लागतो. कान फेस्टिव्हलच्या शॉर्टफिल्म स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं, व्हेनिस फेस्टिव्हलच्या ओरिझोंती विभागातल्या शॉर्टफिल्मची २०. या दोन्हीत तुमची फिल्म बसतच नाही, मग त्यांच्यासाठी वर्ल्ड प्रीमियर, म्हणजे जगातला पहिला शो, राखून काय उपयोग? बर्लिन फेस्टिव्हलच्या शॉर्टफिल्म विभागाला (बर्लिनाले शॉर्ट्स) ३० मिनिटांपर्यंत चालते. अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला ५०, आणि शॉर्टफिल्मला तिथे प्रीमियरची अट नाही. तेव्हा बर्लिन मनात असेल तर त्यांचे प्रीमियरचे नियम वाचून मगच ठरवा.

टीमसाठी ठेवलेला खासगी शो सहसा प्रीमियर धरत नाहीत. यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली केलेली फिल्म मात्र बरेच फेस्टिव्हल 'प्रदर्शित' धरतात, नंतर काढली तरी.

आणखी एक. ९० मिनिटांच्या सत्रात २२ मिनिटं म्हणजे जवळपास पाव सत्र. तेवढ्यात ११ मिनिटांच्या दोन फिल्म बसतात, त्यामुळे निवड करणारे लांब फिल्मला जास्त कडक निकष लावतात. एडिटचं लॉक उघडायची तयारी असेल तर अडीच मिनिटं काढून बघा, व्हेनिसही आवाक्यात येईल.

मागचीरांग: त्या फेस्टिव्हलचं मागच्या वर्षीचं वेळापत्रक शोधा. थिएटरचं नाव, तारीख, शोची वेळ, निवड समितीची नावं, हे सगळं सापडायला हवं. दर महिन्याला विजेते जाहीर होत असतील, बक्षिसांचे पन्नासेक विभाग असतील आणि ट्रॉफी विजेत्यालाच विकत घ्यावी लागत असेल, तर तिथे पाठवू नका. तिथे प्रेक्षक नसतात, फक्त पोस्टरवर लावायला लॉरेल (निवडीचं पानांच्या वेलीचं चिन्ह) मिळतं.

चांगला फेस्टिव्हल असला तरी लेट फी भरण्याआधी विचार करा. शेवटच्या टप्प्यापर्यंत बऱ्याच जागा मनात पक्क्या झालेल्या असतात आणि फी परत मिळत नाही. पुढच्या वर्षी अर्ली बर्डमध्ये, म्हणजे कमी फीच्या सुरुवातीच्या मुदतीत, पाठवता येईल. फक्त फिल्म पूर्ण झाल्याच्या तारखेची अट तपासा.

ध्वनिरेषा: मिक्स नसताना पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग कच्चा असेल तर बघणारा समजून घेतो. संवाद ऐकू आला नाही तर तो दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला पुढची फिल्म लावतो. नंतर लिंकमागची फाइल बदललीत तरी एकदा बघून झालेली फिल्म पुन्हा कोण बघणार?

कोराकॅनव्हास: पटलं. मिक्स करून पुढच्या फेरीतच पाठवतो. डीसीपीसाठी (थिएटरमध्ये चालवायच्या डिजिटल प्रतीसाठी) २५ एफपीएसचं २४ करावं लागेल का?

ध्वनिरेषा: एसएमपीटीई या प्रमाणपद्धतीचं डीसीपी २५ वर बनतं, पण थिएटरचा सर्व्हर ते चालवतो का हे फेस्टिव्हलला विचारा. २४ च हवं असेल तर चित्र ४ टक्के संथ होतं, २२ मिनिटांची फिल्म २२:५५ होते. आवाजही तेवढाच ताणावा लागतो आणि पिच (स्वराची उंची) सांभाळावा लागतो, नाहीतर सगळ्यांचे आवाज जड येतात. ताणायचं राहिलं तर शेवटी ओठ आणि संवाद यांत ५५ सेकंदांचं अंतर पडतं. आणि अर्जात २२:५५ हीच लांबी लिहा.