बायस वाढवला की कार्बनची फिल्म कडक होते, पण स्टीलवरून सुटते. का?

राजारामपुरी_फिजिक्स: नमस्कार. मी इथे कोल्हापुरात एमएस्सी करते. प्रोजेक्ट मिथेनच्या आरएफ प्लाझ्मातून (रेडिओ लहरींनी आयन झालेल्या वायूतून) कार्बनची फिल्म बसवण्याचा. सेल्फ बायस (आयनांना नमुन्याकडे ओढणारा, आपोआप तयार होणारा ऋण व्होल्टेज) ५० व्होल्टला फिल्म फिकट पिवळी, टाचणीने ओरखडा उठतो. ४०० ला काळपट, टाचणी नुसती घसरते. पण काल संध्याकाळी चेंबरमधून चांगली निघालेली स्टीलवरची फिल्म आज सकाळी नागमोडी फुगून सुटलेली. ९०० ला चिकटून राहते, पण ४०० पेक्षा मऊ. ऊर्जा जास्त तर हिऱ्यासारखे बंध जास्त, असंच ना?

जुना_कोटिंगवाला: नाही ताई, तिथेच सगळे फसतात, मीही फसलो होतो. भरलेली केएमटीची बस डोळ्यांसमोर आणा. हळू येणारा आयन दारातच लटकतो, पृष्ठभागावर पसरतो. पुरेशा जोराने आला तर आत घुसतो, आतले दाटीवाटीने बसतात, घनता वाढते आणि चार हातांचे, हिऱ्यासारखे एसपी३ बंध तयार होतात. जोर फारच झाला तर तेवढी जागा क्षणभर तापते, दाटी सैल होते आणि कार्बन ग्रॅफाइटकडे वळतो. निव्वळ कार्बन आयनांच्या फिल्ममध्ये आयनमागे १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) च्या आसपास एसपी३ सर्वांत जास्त, ८५ टक्क्यांच्या घरात.

मीटरवरचे ४०० मात्र आयनला पूर्ण मिळत नाहीत. वाटेत गॅसला धडकत येतो, साधारण ४० टक्के धरा.

आणि ५० व्होल्टच्या फिल्ममध्येही एसपी३ भरपूर असतात बरं का! पण त्यातले बरेच कार्बन हायड्रोजनला बांधलेले, म्हणून जाळं विणलं जात नाही. एसपी३ चा नुसता आकडा रिपोर्टात लिहू नका, हायड्रोजन किती तेही मोजा.

शिरोली_शिफ्ट: सुटण्याचं कारण तीच दाटी. आतला दाब कित्येक गिगापास्कल, आणि जाडी वाढेल तसा सोडवणारा जोर वाढतो. त्यात आपला जुलै; हवेतली वाफ कडेच्या भेगेत शिरून ती वाढवते. स्टीलवर आधी सिलिकॉनचा पातळ थर द्या, फिल्म निम्मी करा.

राजारामपुरी_फिजिक्स: धन्यवाद दादा. सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवलेली फिल्म अजून शाबूत आहे, तीही सुटेल का?

जुना_कोटिंगवाला: सिलिकॉनवर कार्बाइडचे (सिलिकॉन-कार्बनचे) बंध होतात, पकड चांगली असते. तरी कडा रोज भिंगाखाली बघा, सुटायला सुरुवात तिथूनच होते.