‘अहिल्या’च्या खाली ‘अक्षय’: डेटाबेसमधल्या मराठी क्रमाची चाचणी लिहायची की नाही?

शेवटचा_बाक
एका सभासद-यादीचं काम आमच्याकडे आहे. काही हजार नावं, सगळी देवनागरीत. परवा काउंटरवरच्या बाईंचा फोन: “अहो, तुमच्या यादीत अक्षय नावाचा एकही माणूस नाही.” होते, चांगले वीस-पंचवीस होते. अजय, अनिल, अमोल, अहिल्या आणि त्याच्याही खाली सगळे अक्षय. लक्ष्मणही तसाच, लता, ललिता, लहू झाल्यावर.

कारण सापडायला अर्धा दिवस गेला. सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसला (आमचा डेटाबेस) आयसीयूचं मराठी कोलेशन होतं, म्हणजे युनिकोडच्या एका लायब्ररीतले मराठी क्रम लावायचे नियम. त्याचे नियम शाळेतल्या वर्णमालेसारखे: ह, ळ, क्ष, ज्ञ. क्ष हे वेगळं अक्षर धरलंय, मग ते शब्दाच्या सुरुवातीला असो की पोटात. आम्ही मात्र लॅपटॉपवर अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये (तयार साच्यात), लिनक्सचं लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, वापरून काम करत होतो. अल्पाइनमधल्या मसल लायब्ररीला भाषेनुसार क्रम लावता येत नाही, ती सरळ बाइट, म्हणजे अक्षरांचे संगणकातले आकडे, बघते. तिथे अक्षय आपला पहिल्या पानावर.

आणि चाचणी, म्हणजे क्रम बरोबर येतो का हे आपोआप तपासणारा कोड? होती की. सहा नावं, चढत्या क्रमानेच टेबलात घातलेली. परवा गंमत म्हणून क्वेरीतलं ऑर्डर बाय (क्रमाने लावायची सूचना) काढून चालवली. तरी हिरवी, म्हणजे पास!

माझं म्हणणं: आपला म्हणून काही क्रम असेल तर त्याची चाचणी आपणच लिहायची. खऱ्या डेटाबेसवर, सर्व्हरच्याच इमेजवर, नावं पिसून टाकून. बोला.

भाकरी_फिरवा
नाही पटलं. तुमचा घोटाळा सेटिंगचा आहे आणि औषध लावताय चाचणीचं. दोन्हीकडे एकच इमेज ठेवा, विषय संपला. आयसीयूवाल्यांच्या त्यांच्या चाचण्या आहेत, त्याच पुन्हा लिहून काय मिळवणार?

शिवाय असल्या चाचण्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय. दोन वर्षांनी डेटाबेसची आवृत्ती बदलते, चाचणी लाल होते, त्या दिवशी सगळे घाईत असतात. कुणीतरी नवा क्रम कॉपी करून ‘अपेक्षित’मध्ये चिकटवतो आणि घरी जातो.

रात्रपाळी
@भाकरी_फिरवा, त्या घरी जाणाऱ्याला तिथेच थांबवा, कारण लाल दिवा लागला तो त्याच्याच भल्यासाठी. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी (बहुतेक लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ आली आणि तिच्यात क्रमाचे नियम सरसकट बदलले. ‘१-१’ आणि ‘११’ हे दोन शब्द इंग्रजी आकड्यांत लिहून अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये लावा. जुन्या आवृत्तीत ११ आधी, नव्या आवृत्तीत १-१ आधी.

दिसायला एवढंसं. पण इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायला डेटाबेसने आधीच लावून ठेवलेली सूची, जुन्या क्रमाने रचलेला असतो. डेबियन लिनक्सच्या ९ वरून १० वर गेलात, डेटाची फोल्डर जशीच्या तशी उचलून ठेवलीत, की डेटाबेस नव्या नियमाने शोधत झाडाच्या भलत्याच फांदीवर जातो. ओळ असते, तो म्हणतो नाही. मग युनिक (एक किंमत एकदाच) असलेल्या कॉलममध्ये तीच किंमत दुसऱ्यांदा बिनबोभाट घालू देतो. मी एका ठिकाणी अशा जोड्या हाताने निस्तरल्या आहेत, रात्री अडीच वाजता, चहाशिवाय. ॲमचेक चालवून इंडेक्स तपासणे, रीइंडेक्स करणे हे सगळं पुढचं. त्याआधी ‘क्रम बदललाय’ हे कुणीतरी ओरडून सांगायला हवं ना? दहा शब्दांची चाचणी ते सांगते.

भाकरी_फिरवा
तुम्ही म्हणता तो धोक्याचा भोंगा, तो मान्य. धागा ज्यासाठी काढलाय ते मान्य नाही.

आणि कोलेशनच्या भरवशावर मुळात राहताच कशाला? क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवा. नाव जतन करतानाच आपल्या कोडने त्याची ‘की’ बनवायची, अक्षराला आकडा, बस. डेटाबेस फक्त बाइट लावेल. लोकेल नको, आयसीयू नको, आवृत्तीची भानगड नको. चाचणी लिहायचीच तर त्या की बनवणाऱ्या फंक्शनची लिहा. डेटाबेस उभा न करता क्षणात चालते.

दोन_डब्यांचा_जेवणारा
की-कॉलम ऐकायला छान. आमच्याकडे तो होता. एकाने डेटा सुधारायला थेट अपडेट चालवलं, नावं बदलली, की जुनीच राहिली. तीन महिने ‘देशपांडे’ द च्या शेवटी बसून होत्या, कारण त्या आधी ‘दोडके’ होत्या. निदान जनरेटेड कॉलम करा, म्हणजे डेटाबेसच की बनवेल. पण मग चाचणी पुन्हा डेटाबेसवरच आली की नाही?

कपाट_क्रमांक_७
मी प्रोग्रामर नाही, ग्रंथालयात आहे. तुम्ही सगळे ‘क्रम बरोबर आला का’ यावर भांडताय, पण बरोबर कुठला हे कुणी ठरवलं? आमच्या कपाटात ‘क्ष’ने सुरू होणारं कार्ड अगदी शेवटी, ‘अक्षर’ मात्र अक… मध्येच. सुरुवातीला एक न्याय, पोटात दुसरा. चूक म्हणा, सवय म्हणा. अनुस्वाराचंही तसंच. बाराखडीत कं येतो कौच्या नंतर आणि संगणक त्याला सगळ्यांच्या आधी बसवतो. ज्यांना यादी वापरायची त्यांना आधी विचारा, मग चाचणी लिहा.

रात्रपाळी
लाख बोललात. आणि त्यांनी सांगितलेलं पोस्टग्रेसमध्ये करता येतं. आवृत्ती १६ पासून कोलेशन बनवताना स्वतःचे नियम देता येतात. मराठीचं तयार कोलेशन न घेता आयसीयूचा मूळ क्रम घ्यायचा आणि त्याला ‘ह नंतर ळ’ एवढाच नियम जोडायचा. क्ष मग क च्या घरात राहतो आणि अक्षय सापडतो. ‘सुरुवातीला क्ष असेल तर शेवटी’ हे कोलेशनकडून करून घेऊ नका, ऑर्डर बायमध्ये आधी एक केस (‘असं असेल तर’ची अट) लावा. फक्त नवं कोलेशन दिल्यावर एक्स्प्लेन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते, बघा. इंडेक्स जुन्या कोलेशनचा असेल तर तो या क्रमासाठी वापरला जाणार नाही, दर वेळी सगळी यादी नव्याने लावत बसेल.

विदाखोर
माझं पाप कबूल करतो. ॲप पोस्टग्रेसवर, चाचण्या मात्र मेमरीतल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर, कारण झटपट. तिथे मराठी क्रम यावा म्हणून पायथनमध्ये स्वतःचं कोलेशन फंक्शन लिहून जोडलं. दोन शब्द घ्यायचे, कोण आधी ते सांगायचं. सोपं वाटतं. एसक्यूलाइटची अट आहे की अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल तर अ हा क च्या आधी हवाच, नाहीतर काय होईल याची हमी नाही. माझ्या फंक्शनमध्ये ळ आणि ल यांच्यासाठी एक अपवाद होता, त्याने नेमकी हीच अट मोडली. जोडी-जोडीने लिहिलेल्या माझ्या सगळ्या चाचण्या हिरव्या, यादी मात्र प्रत्येक वेळी वेगळी.

तीन-तीन शब्द यादृच्छिक उचलून ही अट तपासणारी दहा ओळींची चाचणी लिहिली, पहिल्याच मिनिटाला पकडला गेलो. म्हणून @भाकरी_फिरवा, तुमचं की-फंक्शन चालेल, कारण आकडे अशी गफलत करत नाहीत. हाताने लिहिलेली तुलना मात्र चाचणीशिवाय नको.

जाता जाता: ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक अख्खं अक्षर, दुसरं अ वर चंद्र. डोळ्याला एकच, युनिकोडच्या लेखी दोन वेगळे. ‘ॲड.’ लावलेले वकील यादीत दोन ठिकाणी दिसले तर दचकू नका.

पंचांगवाला
थोडं अवांतर. आमच्याकडे मराठी महिने एनममध्ये (ठरावीक किमतींच्या यादीत) होते, चैत्र ते फाल्गुन, जाहीर केलेल्या क्रमाने आपोआप लागत. २०२३ ला अधिक श्रावण आला. श्रावणाच्या आधी नवी किंमत घातली, चाललं. पण २०२० चा अधिक महिना आश्विन होता, तोही घातला. आता एनममध्ये चौदा महिने आणि वर्ष बाराचं. क्रम वर्षागणिक बदलणारा असेल तर वेगळं टेबलच हवं, हे चाचणीने नाही, एका गुरुजींच्या फोनने कळलं.

शेवटचा_बाक
@कपाट_क्रमांक_७ यांचं ऐकून आज बाईंकडे गेलो. चौदा आडनावं चिठ्ठ्यांवर लिहून दिली आणि म्हटलं, लावा. त्यांनी मिनिटभरात लावली. काळभोर, काळे हे कावरेंच्या आधी, ल च्या लगेच नंतर. क्षीरसागर क च्या शेवटी, कोल्हेंच्या नंतर. म्हणजे अल्पाइनवर फुकटात मिळत होता तोच क्रम, बाइटचा!

खूश होऊन तीच यादी चाचणीत घातली. लाल. कांबळे. डेटाबेस अनुस्वार आधी धरतो म्हणून कांबळे काटेंच्याही वर जातात. बाईंनी त्यांना कामठेंना चिकटून ठेवलंय. “का-म्-बळे असंच म्हणतो ना आपण?” हे त्यांचं उत्तर. मग शिंदे ‘शिन’पाशी का, विचारलं. “अर्थात.”

भाकरी_फिरवा
म्हणजे पुढचं व्यंजन बघून अनुस्वाराचा म् की न् ते ठरवायचं. आलात ना की-कॉलमवर.

शेवटचा_बाक
आलो. जनरेटेड कॉलम करतोय. चौदा चिठ्ठ्यांची चाचणी मात्र राहणार, पोस्टग्रेसवरच. आणि तुमच्या त्या घाईतल्या माणसासाठी तिच्या वर शेरा लिहिलाय: अपेक्षित क्रम बदलण्याआधी काउंटरवर विचारणे.