चिनी नववर्षाआधी मुलांसाठी ब्रशलेखन: साहित्य काय आणायचं?

नमस्कार मंडळी,
चिनी नववर्षाच्या आधीच्या शनिवारी ५ ते ८ वर्षांच्या १२ मुलांना चिनी ब्रशलेखनाची ओळख करून द्यायची आहे. वेळ ४५ मिनिटं. जलरंगाचे ब्रश आणि प्रिंटरचा कागद चालेल का? लाल कागदावर थेट ‘फू’, म्हणजे सौभाग्य, हे चिनी अक्षर काढून घ्यावं असा विचार आहे.
– बालविभाग

ताई,
जलरंगाचे ब्रश नकोत. चिनी ब्रशचं पोट शाई धरून ठेवतं. टोक दाबलं की पसरतं, उचललं की परत जुळतं. सगळं लेखन त्या दाबण्या-उचलण्यावरच आहे. सिंगापूरच्या ब्रास बसाह कॉम्प्लेक्समधल्या दुकानांत ‘च्येनहाओ’ मागा, म्हणजे मिश्र केसांचा. निव्वळ बकरीच्या केसांचा फार मऊ, लहान हातात लोळतो. केसांची लांबी ४ सेंमीच्या आसपास हवी. बारीक ब्रश दिला की मुलं तो पेन्सिलीसारखाच धरतात.

नव्या ब्रशला खळ असते. वर्गाआधी अर्धा तास गार पाण्यात ठेवून बोटांनी हलकेच मोकळा करा. गरम पाण्याने मुळाशी असलेला डिंक सुटतो आणि केस गळतात.

पहिली २५ मिनिटं शाईची बाटली उघडूच नका. पाण्याने लिहायचं कापड मिळतं: ओला ब्रश फिरवला की काळं उमटतं, वाळलं की पुन्हा कोरं. चुकण्याची भीतीच उरत नाही. त्यावर फक्त आडवी रेघ, ‘हंग’. जायचं उजवीकडे, पण टोक आधी किंचित डावीकडे न्यायचं, वळवून उजवीकडे ओढायचं, शेवटी थांबून जरासं मागे. रेघ जवळून बघा: एक कड गुळगुळीत आणि दुसरी करवतीसारखी दिसली, तर ब्रश आडवा पडलाय. टोक रेघेच्या मधोमध चालायला हवं. बोरूची सवय असलेल्या पालकांनी इथे सांभाळावं. बोरूत जाड-बारीक येतं ते कापाच्या कोनातून, इथे दाबातून.

ब्रश उभा, तळहातात अंडं मावेल एवढी पोकळी. मुलांना उभं राहूनच लिहू द्या, म्हणजे मनगट टेबलावर रेलत नाही.

मग ‘सान’, म्हणजे तीन: तीन आडव्या रेघा, मधली सगळ्यांत आखूड, खालची सगळ्यांत लांब. एवढं जमलं तरी पुष्कळ. चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेतही ब्रश तिसरीपासून आहे, त्याआधी पेन्सिल.

कागद बांबूचा पिवळसर, चौकटी छापलेला घ्या. प्रिंटरचा कागद शाई पीत नाही, थेंब वर तरंगतो आणि बाही फिरली की पुसतो. उलट ‘श्वान’ नावाचा पारंपरिक चिनी कागद कच्चा असला तर शाई इतकी पितो की मूल क्षणभर थबकलं तरी डाग फुटतो. दोन मुलांत एक जड बशी आणि तीत चमचाभर शाई पुरे. ब्रश दर वेळी काठावर निथळून घ्यायचा. शाई म्हणजे काजळी आणि सरस, कपड्यावरून निघत नाही. मुलांसाठी धुतली जाणारी मिळते, तीच आणा.

ताई, वरच्या पत्रात थोडी भर:
‘फू’ नकोच. त्यात १३ रेघा आहेत, पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याचा गोळा होतो. ‘ता ची’ लिहून घ्या, मोठं शुभ: ‘ता’ला ३ रेघा, ‘ची’ला ६. सणाला शोभतंही. सोनेरी ठिपक्यांच्या लाल कागदावर शाई सावकाश वाळते, म्हणून तो आडवाच ठेवा. लगेच टांगला तर ओघळ येतात.

रेघ बारीक आली की मुलं ती परत गिरवून जाड करतात. तिथेच थांबवा. गिरवलेली रेघ वाळल्यावर वेगळी दिसते आणि हात दाब शिकत नाही. खाली नवी रेघ काढू दे.

धुताना शाई मुळाशी राहिली तर पुढच्या वेळी टोक दुभंगतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, टोक खाली करून टांगा. सोबतची प्लॅस्टिकची टोपी फेकून द्या. ओला ब्रश तीत कोंदटतो.

दोघांचेही आभार. १४ ब्रश, १२ कापडं, ६ बश्या मागवते. लाल कागद प्रत्येकी दोन, एक चुकायला.
– बालविभाग