मदत हवी आहे : कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते

निशिगंध : बंबासाठी लाकडं फोडायला घेतली. घाव घातला की कुऱ्हाड रुतते, उपसताना कंबर मोडते. शनिवारी पाहुणे येतायत, लवकर सांगा. गडी लावा म्हणू नका, मिळत नाही.

काजूगर : लाकूड कसलं? ओलं की सुकं? कुऱ्हाड कुठली?

सुखवस्तू : गॅस गीझर घ्या. आम्ही बंब कधीच भंगारात दिला.

निशिगंध : फणस. ओलसर आहे. कुऱ्हाड नेहमीचीच.

आडगाव : फणस जाळताय? मिलवर नेऊन फळ्या पाडा!

काजूगर : ‘नेहमीची’ म्हणजे पातळ पात्याची असणार. ती तोडायला. फोडायला पाचरीसारखी जाड, वजनदार हवी. मधोमध घाव नको, कडेने ढलप्या काढत आत या. चीर दिसेल तिथेच मारा. गाठीचे तुकडे सरळ बाजूला टाका.

जुनाखोड : एवढं कशाला? रुतली की माथ्यावर घण हाणायचा. आम्ही जन्मभर हेच केलं.

काजूगर : ताई, हे अजिबात करू नका. नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, फाकतं, कपची उडून डोळ्यात जाते.

जुनाखोड : पाचरीवर घण मारता ते काय लाकूड असतं?

काजूगर : पाचर ठोकून घ्यायलाच केलेली असते. तिचंही डोकं फुलून कडा पसरल्या की घासून घ्यावं लागतं. गॉगल दोन्हीकडे हवाच. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक मिळतो.

निशिगंध : दांडा थोडा हलतो. रात्री बादलीत बुडवून ठेवते, सकाळी घट्ट.

आडगाव : अहो, हे आधी सांगायचं! पाण्याने लाकूड फुगतं, वाळलं की पुन्हा ढिलं. पातं निसटून कोणाला लागलं म्हणजे? सुताराकडून बाभळीचा नाहीतर तिवसाचा दांडा घाला. तोवर हात लावू नका.

काजूगर : पायात काय घालता?

निशिगंध : स्लिपर.

काजूगर : लोखंडी टोपीचे बूट घ्या. ओंडका खाली रुंद ठोकळ्यावर, पलीकडच्या कडेला उभा करा. नेम चुकला तर पातं ठोकळ्यात जातं, नडगीवर नाही. पाय फाकवून उभ्या राहा, एक पुढे एक मागे नको. घाव उतरताना गुडघे वाकवा. पोरंबाळं, कुत्री लांब.

सुखवस्तू : आणि हातमोजे.

जुनाखोड : मोज्यात दांडा सटकतो. उघडा हातच बरा.

काजूगर : सुती सटकतो, चामड्याचा नाही.

पाटबंधारे : फणस तोडायला परवानगी घेतली होती का? १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे तो.

निशिगंध : वादळात पडला हो! सुतार म्हणतो सोमवारी. ओला फणस बंबात धुरकटतो का, ते तरी कोणी सांगा.

आडगाव : धुरकटतो. म्हणून म्हणतो, फळ्या पाडा.