समुद्रातली द्वारका खरंच सापडली आहे का? घरात पैज लागलीय

मंदार_नाशिककर
सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आलाय. समुद्राच्या तळाशी ९,५०० वर्षांपूर्वीची कृष्णाची द्वारका सापडली, कार्बन डेटिंगही झालं, वगैरे. मी सरळ म्हटलं, थापा आहेत. त्यावरून जेवताना जुंपली आणि पैज लागली. डिसेंबरात सगळे द्वारका-सोमनाथला जातोय. नक्की काय सापडलंय? आणि बोटीतून काही दिसतं का?

जामनगरचे_काका
मंदारराव, पैज दोघंही हरणार. नोकरीनिमित्त जामनगरला आलो तो इथलाच झालो. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला द्वारका दाखवायची ड्यूटी माझी, आणि हा व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो.

व्हिडिओवाल्यांनी दोन वेगळ्या जागा एकत्र शिवल्यात. ९,५०० वर्षं हा आकडा खंभातच्या आखातातला. नकाशा काढा: द्वारका सौराष्ट्राच्या पार पश्चिम टोकाला, खंभातचं आखात पलीकडच्या अंगाला, भरूच-सुरतेकडे. २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला तिथे तीस-चाळीस मीटर खोलीवर सोनारमध्ये (ध्वनिलहरींनी तळ पाहणाऱ्या यंत्रात) चौकोनी आकार दिसले. मग तळ खरवडून वस्तू वर काढल्या, त्यात एक लाकडाचा तुकडा होता. वय निघालं ते त्या लाकडाचं. तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, प्रवाह असा की तळची माती कुठली कुठे जाते. नदीतून वाहत आलेलं लाकूड तिथे पडलं असेल तर त्यावरून शहराचं वय कसं ठरवणार? पुरातत्त्वातल्या बऱ्याच जणांनी तेव्हाच हरकत घेतली होती.

आता खरी द्वारका. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे एस. आर. राव यांच्या पथकाने १९८३ पासून इथे बुड्या मारल्या. लोथलचं हडप्पाकालीन शहर खोदून काढणारे तेच राव. इथल्या गोमती नदीच्या मुखासमोर उथळ पाण्यात घडीव दगड, अर्धगोल बांधकामाचे तुकडे आणि ढिगाने जहाजांचे दगडी नांगर मिळाले. माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा या नांगरांचाच. त्रिकोणी शिळा, तीन भोकं. वरच्या भोकात दोर ओवायचा, खालच्या दोन्हींत लाकडी खुंट ठोकायचे, म्हणजे ते तळाला रुततात. रावांनी ही महाभारतातली द्वारका असं मांडलं. पण त्याच संस्थेतल्या गौर, सुंदरेश यांनी पुढे दाखवलं की असे नांगर अगदी मध्ययुगापर्यंत वापरात होते. कार्बन डेटिंग एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचंच होतं, दगडाचं नाही हो! म्हणजे इथे मोठं, गजबजलेलं बंदर होतं हे पक्कं. कृष्ण होऊन गेला की नाही, हे नांगराला विचारून उपयोग नाही.

आणि एक, आपल्या लोकांनाच माहीत नसतं: १९६३ मध्ये मंदिराजवळ जमिनीवर खोदकाम केलं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजने, सांकलियांच्या नेतृत्वाखाली. तिथला सगळ्यात खालचा थर इसवी सनाच्या आगेमागेचा निघाला.

तारकर्ली_डायव्हर
बोटीतून काहीही दिसणार नाही. पैसे वाचवा. द्वारकेला एकदा पाण्यात उतरलोय. दगड शेवाळाने माखलेले, आणि किनाऱ्याचा खडक मुळातच सरळ रेषेत तडकतो, त्यामुळे हौशी माणसाला जिकडेतिकडे भिंतच दिसते. काकांच्या नांगरांबद्दल एक भर: त्यातले बरेच खडकांच्या फटीत अडकलेले सापडले. नांगर कपारीत अडकला की दोर कापून निघायचं, आमच्याकडचे मच्छीमार आजही तेच करतात. त्यामुळे नांगर दिसला म्हणजे खाली शहर बुडालंय असं नाही.

कौंडिण्यपूरची
रुक्मिणी आमच्या विदर्भाची, तेव्हा तिचं मंदिर चुकवू नका. गावाबाहेर आहे, द्वारकाधीशापासून लांब. दुर्वासांच्या शापाने दोघांची ताटातूट झाली, असं पुजारी सांगतात. इकडे पंढरपुरातही ती रुसून वेगळीच उभी. दोन्हीकडे बिचारीचं देऊळ निराळं.

मंदार_नाशिककर
सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणतात, "महाभारताच्या मौसलपर्वात लिहिलंय, अर्जुन लोकांना घेऊन निघाला आणि मागे समुद्र शहरात शिरला. ते काय उगाच? आणि शिक्का सापडलाय त्याचं काय?"

जामनगरचे_काका
सासरे अभ्यासू दिसतात, नमस्कार सांगा. शिक्का खरा आहे, पण बेट द्वारकेचा. ते बेट इथून तीसेक किलोमीटर उत्तरेला. शंखाचा, इवलासा, वर तीन तोंडांचा प्राणी कोरलाय. तिथल्या खापरांचं वय साडेतीन हजार वर्षांच्या आसपास, म्हणजे हडप्पा संस्कृतीचा शेवटचा काळ. मला विचाराल तर जुन्या द्वारकेचा शोध घ्यायचा तो बेटावरच. तिथे किनारा खचून जुन्या वस्तीच्या भिंती भरतीच्या पाण्यात गेल्यात. समुद्र शहरात शिरल्याची आठवण अशाच कुठल्या तरी वस्तीची असू शकते. असू शकते, एवढंच म्हणतो.

पूर्वी ओख्याहून खच्चून भरलेल्या बोटीने बेटावर जावं लागायचं, फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू झालाय, गाडी थेट जाते. बेटावरचं मंदिर दुपारी बंद असतं, सकाळी लवकर निघा. गोमती घाटावर मात्र ओहोटीची वेळ विचारून जा, आणि शेवाळावर सासऱ्यांचा हात धरा.