तुळजाभवानीची लाकडी कोरीव मूर्ती करून घ्यायची आहे – लाकूड, कारागीर, आयुधं, सल्ला हवा

मांजराकाठची (लातूर)

नमस्कार मंडळी. औशाकडचं आमचं माळवद, म्हणजे सपाट मातीच्या छताचं जुनं घर, यंदा उतरवलं. सागाच्या दोन तुळया आणि एक खांब विकायचं जिवावर आलं, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेत. कुलदैवत तुळजापूरची भवानी. लाकडात कोरलेली देवीची दीड फुटी मूर्ती घरात असावी असं मनात आहे. ऑनलाइन बघावं तर सगळीकडं सिंहावर बसलेली दुर्गा, आपली तुळजाभवानी काही दिसेना.

मूर्ती तयार घ्यावी की करून घ्यावी? लाकूड कुठलं? सासूबाई म्हणायल्यात, लाकडाच्या देवाची पूजा करत नाहीत, दगड नाहीतर पितळच पाहिजे. हे खरं का? आणि आठ हातांत काय काय असतं ते नीट हवंय, कारण कारागिराला ते मलाच सांगावं लागणार. बजेट पंधरा हजारांच्या आतबाहेर.

पटाशी (छ. संभाजीनगर)

ताई, घरात जुना साग पडलेला असताना लाकूड कुठलं हा प्रश्नच कशाला? माळवदाची तुळई म्हणजे दोन पिढ्या सावलीत मुरलेलं लाकूड. जे पिळायचं, तडकायचं ते कधीच होऊन गेलंय. आपल्याकडं खरी अडचण हीच असते. दमट हवेत कोरलेली मूर्ती लातूरच्या एप्रिल-मेमध्ये आली की चीर देते, पावसाळ्यात पुन्हा फुगते. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर विचारूच नका.

तुळई कापण्याआधी तिच्यावरून मोठा लोहचुंबक फिरवून घ्या. मोडके खिळे आत राहिलेले असतात. पटाशीची धार जाते ती जाते, पण खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं. तो डाग देवीच्या गालावर आला तर काही इलाज नाही.

आता अष्टभुजेचं. लाकडाला उभ्या रेषा असतात. रेषेच्या दिशेनं असलेला भाग दणकट, आडवा गेलेला कमजोर. धड, पाय, मुकुट यांना काही होत नाही. बाजूला पसरलेला हात मात्र रेषेला आडवा जातो. त्यात मनगट करंगळीएवढं आणि टोकाला त्रिशूळ. धूळ झटकताना फडकं अडकलं की कट्. लोक मूर्तीचा चेहरा आधी बघतात, मी मनगटं बघतो. देव कोणता हे ज्यावरून ओळखायचं ती आयुधंच लाकडात सगळ्यात आधी मोडतात, आणि मग खंडित मूर्तीचं काय करायचं म्हणून नवा धागा निघतो.

काही कारागीर हात वेगळे कोरून जोडतात. त्यात वाईट काही नाही, उलट हाताची रेषा हाताच्या दिशेनं घेता येते. पण जोड लाकडी खुंटीचा पाहिजे. नुसत्या फेव्हिकॉलवर देवीचे आठ हात टांगू नका.

गोदाकाठ (पैठण)

सासूबाईंना दुखवू नका, पण या बाबतीत ग्रंथ तुमच्या बाजूनं आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात आठ प्रकारच्या प्रतिमा सांगितल्यात:

शैली दारुमयी लौही लेप्या लेख्या च सैकती ।
मनोमयी मणिमयी प्रतिमाष्टविधा स्मृता ॥

दगडाच्या पाठोपाठ लाकडाचं नाव, धातू त्याच्यानंतर. याच स्कंधावर आमच्या एकनाथमहाराजांची टीका आहे, त्यामुळे हा दाखला त्यांना परका वाटणार नाही. आणि पुरीचा जगन्नाथ कशाचा आहे? कडुनिंबाचा. अधिक आषाढ आलेल्या ठरावीक वर्षी नवकलेवर होतं, जुन्या मूर्ती पुरतात आणि नव्या बसवतात, अलीकडे २०१५ साली झालं. कांचीपुरमचा अत्तिवरदर औदुंबराच्या लाकडाचा आहे. तो मंदिराच्या तळ्यात पाण्याखाली असतो, चाळीस वर्षांनी बाहेर काढतात. मागचं दर्शन २०१९ मध्ये झालं.

सासूबाईंचा मुद्दा पाण्यापुरता मात्र बरोबर आहे. लाकडावर पंचामृत, अभिषेक नको. त्याच अध्यायात पाण्यानं बिघडणाऱ्या प्रतिमांसाठी स्नानाऐवजी परिमार्जन, म्हणजे पुसून घेणं, सांगितलंय. पुरीत तर रोजचं स्नान आरशातल्या प्रतिबिंबाला घालतात. तुम्ही ताम्हनात देवीचा पितळी टाक किंवा सुपारी ठेवून अभिषेक करा.

अजून एक, दीड फूट देवघरासाठी मोठी होते. मत्स्यपुराणात घरातली प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून फार तर एक वीत एवढीच सांगितलीय, म्हणजे नऊ इंचांच्या आसपास. मोठी मूर्ती बैठकीत ठेवा, नित्यपूजा टाकाची करा. म्हणजे दोघींचंही राहील.

भोकरवाला (नांदेड)

ताई, तयार वस्तू बघायची असंल तर आमच्याकडून तेलंगणातलं निर्मल लांब नाही, भैंसा ओलांडलं की आलंच. पण तिथलं काम येगळं बगा. पोणिकी नावाचं पिसासारखं हलकं लाकूड, तुकडे जोडायचे चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून, वरून रंग. खेळणी, फळं, प्राणी लई भारी करतेत. कोंडापल्लीलाबी तीच रीत, तिथले दशावतार शोकेसला छान दिसतेत. पण तुमाला पाहिजे तसं खोल कोरलेलं काम तिथं मागू नका, ते लाकूडच त्याच्यासाठी नाही.

हैद्राबादला जाणं झालं तर शिल्पारामम नावाच्या हस्तकलेच्या गावात एक चक्कर मारा. घ्यायला नाही, डोळा तयार व्हायला.

मूर्तिवेडा (धाराशिव)

आयुधांचं मी सांगतो, छापून कारागिराच्या हातात द्या.

देवीच्या उजवीकडच्या चार हातांत त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र. डावीकडच्या चार हातांत शंख, धनुष्य, पानपात्र आणि चौथ्या हातात राक्षसाची शेंडी. पाठीवर भाता. उजवा पाय महिषासुरावर, डावा जमिनीवर, मधे महिषाचं तुटलेलं मस्तक. उजवीकडे सिंह, डावीकडे खाली डोकं वर पाय करून तप करणारी अनुभूती, कर्दम ऋषींची पत्नी. तिच्या हाकेला 'त्वरित' धावून आली ती त्वरिता, तीच तुळजा, अशी आपल्याकडची कथा. वर दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य. अनुभूती विसरलात तर ती कुठलीही महिषासुरमर्दिनी होईल, तुळजापूरची होणार नाही. ऑनलाइन दिसत नाही ती हीच.

हातांचा अर्थ देवीमाहात्म्याच्या दुसऱ्या अध्यायात आहे. महिषासुरापुढं हरलेल्या देवांनी आपापलं तेज आणि शस्त्र देवीला दिलं. त्रिशूळ शंकराचा, चक्र विष्णूचं, शंख वरुणाचा, धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते वायूचे, सिंह हिमालयानं दिला, पानपात्र कुबेराचं. हात आठ का, तर एकाच्या हातून जे झालं नाही ते सगळ्यांचं बळ एका ठायी आल्यावर झालं. बिचवा तेवढा आपल्या दख्खनचा, वाकड्या पात्याचा. तिथं साधी सुरी कोरून घेऊ नका.

पानपात्रावर विशेष लक्ष ठेवा. कारागिरांना ती वाटी कळत नाही, मग ते कमळ किंवा कलश देऊन मोकळे होतात. मारण्याआधी देवी मधुपान करते आणि म्हणते, गर्ज, मूर्खा, मी पिते आहे तोवर गर्जून घे. ती वाटी गेली की देवीचा तो सगळा तोराच गेला.

जाता जाता: तेरला गेलात तर लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची लाकडी कोरीव चौकट बघा. आपल्या भागात लाकडात देव कोरायची रीत नव्हती म्हणणाऱ्यांना मी तिथंच पाठवतो.

साधा माणूस (परभणी)

एवढा खटाटोप कशाला? चंदनाची घ्या, वास पण येतो.

पटाशी (छ. संभाजीनगर)

दादा, पंधरा हजारांत दीड फुटी चंदनाची मूर्ती मिळत असेल तर ती चंदनाची नाही. कुठल्याही पांढरट लाकडावर अत्तर चोळून विकतात, दोन महिन्यांनी वास जातो. चंदनच हवं तर म्हैसूरच्या कावेरी एम्पोरियमसारख्या सरकारी दुकानातून, पक्क्या बिलावर, बोटभर गणपती घ्या. रक्तचंदनाचंही तेच, कागदपत्रांशिवाय हात लावू नका.

'हँडमेड' लिहिलेल्या मूर्त्यांबद्दलही सांगून ठेवतो. बरंच काम आता सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीव मशीनवर होतं. मूर्ती पाठमोरी करून हाताच्या मागे, कानाच्या मागे, प्रभावळीच्या आत बोट घाला. साध्या मशीनचं पातं वरून खाली जातं, वळून मागून कोरू शकत नाही. म्हणून ती जागा भरीव राहते, नाहीतर तिथं एकसारख्या बारीक पायऱ्या लागतात. हाताच्या कामात तिथं पटाशीचे लहानमोठे घाव सापडतात. मग तळ उलटा करा. झाडाच्या वर्तुळांचं केंद्र तळात दिसत असेल तर त्या मूर्तीला आज ना उद्या चीर जाणार. वर्तुळं, रेषा काहीच दिसत नसतील तर भुशाचा साचा असू शकतो, परत ठेवा.

मांजराकाठची (लातूर)

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना श्लोक वाचून दाखवला. "नाथांनी म्हटलंय तर असंल," एवढं म्हणाल्या, म्हणजे अर्धा होकार.

तुळई मोजली. रुंदी नऊ इंच, जाडी साडेपाच. खिळे दोन ठिकाणी लागले. गावातला सुतार दारावर गणपती आणि वेलबुट्टी चांगली कोरतो, पण अशी मोकळी मूर्ती कधी केली नाही म्हणतो. काय करू?

पटाशी (छ. संभाजीनगर)

मग मोकळी मूर्ती करूच नका. नऊ बाय साडेपाचच्या तुळईत अर्धउठावाचं काम सुंदर बसतं. मागं दीड-दोन इंचांची पाठ ठेवायची, देवी तिच्यातून पुढं आलेली. आठही हात आणि आयुधं पाठीला टेकलेली राहतात, मनगटं मोडायची भीती गेली. चंद्र-सूर्य वर, अनुभूती खाली कोपऱ्यात, सगळ्यांना जागा मिळते. दार कोरणाऱ्या सुताराला हे काम परकं नाही. आधी त्याला पानपात्र आणि शंख धरलेले दोन हात फळीच्या तुकड्यावर करायला सांगा, त्याचे पैसे वेगळे द्या. ते जमलं तरच तुळईला हात लावा.

गोदाकाठ (पैठण)

तुळईची वरची बाजू कोणती ते बघून घ्या. बृहत्संहितेत म्हटलंय, झाड जसं उभं होतं तशीच प्रतिमा उभी करावी, म्हणून तोडण्याआधी दिशेची आणि वर-खालीची खूण करून ठेवावी. स्मशानातलं, विजेनं पडलेलं, पाखरांची घरटी असलेलं झाड घेऊ नये, असंही आहे. घराला लागलेल्या लाकडाला दोष मानणारेही भेटतील. मला तरी तीन पिढ्या ज्याच्याखाली निजल्या त्या लाकडाचं वावडं वाटत नाही.

पटाशी (छ. संभाजीनगर)

वर-खाली सुतार गाठींवरून सांगेल. फांदी वरच्या अंगाला तिरपी निघते, गाठ चिरली की दिसतं.

मांजराकाठची (लातूर)

हे फार आवडलं, तसंच करते. शेवटचं, तेलपाणी काय करायचं? आणि कुंकू? आमच्याकडं देवीला मळवट भरतात.

मूर्तिवेडा (धाराशिव)

ओलं हळदकुंकू कच्च्या लाकडात मुरतं आणि निघत नाही. कपाळावर चांदीची पातळ टिकली बसवा, मळवट तिच्यावर भरा. समई हातभर लांब, नाहीतर वर्षभरात चेहरा काजळीनं काळा होईल.

पटाशी (छ. संभाजीनगर)

पॉलिश चकचकीत नको. जवसाचं तेल घ्या, अगदी पातळ हात, तासाभरानं पुसून काढायचं, पूर्ण वाळलं की पुन्हा. खोबरेल वाळत नाही, धूळ धरतं. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप तापून पेट घेते, दोरीवर पसरून वाळवा. मूर्ती भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि खाली काळा कागद अंथरा. त्यावर पिठासारखा भुसा दिसला तर आत भुंगा आहे.

बालाघाटी (बीड)

धागा पळवतोय, माफी. मला एक फुटी विठ्ठल पाहिजे, शिवणीच्या लाकडात. त्यालाही एवढी भानगड आहे का?

पटाशी (छ. संभाजीनगर)

नाही हो. लाकडाला विठ्ठलाइतका सोपा देव नाही. समचरण, सरळ उभा, हात कमरेवर, शंख आणि कमळ अंगाला लागूनच. एका ओंडक्यात एकही जोड न लावता होतो. कोपर आणि कंबर यांच्यामधली जागा आरपार कोरू नका म्हणावं, पातळ पडदा राहू द्यावा, म्हणजे कोपर टिकतं. मकरकुंडलं खांद्यावर टेकलेली ठेवा. आणि वीट त्याच लाकडातली हवी, खालून वेगळी चिकटवलेली चालणार नाही.