कोंड्याच्या तेलाच्या भरवशावर कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची का?

निळाई
बाबांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं, डॉक्टरांनी गोळी दिली. तेवढ्यात मामांनी राईस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याच्या, तेलाचा पाच लिटरचा डबा आणून दिला आणि बाबांनी गोळी बाजूला ठेवली. तीन महिन्यांनी १७१. तेल वाईट नाही, पण औषधाचं काम त्याच्यावर सोपवू नका. वनस्पती-स्टेरॉलांनी, म्हणजे वनस्पतींतल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांनी, एलडीएल ८ ते १० टक्के उतरतं, पण त्यासाठी रोज साधारण २ ग्रॅम पोटात जावे लागतात. या तेलातला तसा पदार्थ ओरायझेनॉल; डब्यावर 'ओरायझेनॉल १०,००० पीपीएम' (दहा लाख भागांत दहा हजार), म्हणजे १ टक्का. माणशी २० ग्रॅम तेल धरलं तर ०.२ ग्रॅम!

धानपट्टी
हिशेब अर्धवट आहे ताई. मी गोंदियाकडचा, कोंडा म्हणजे गुरांचं खाद्य असंच ऐकत मोठा झालो, म्हणून हक्काने बोलतो. तेलात ओरायझेनॉलशिवाय इतरही स्टेरॉल असतात. ते कोलेस्टेरॉलच्याच घडणीचे. आतड्यात त्याची जागा अडवतात. अमेरिकेतल्या लुइझियानातला अभ्यास २००५ साली छापून आला. तेल काढून घेतलेल्या कोंड्याने कोलेस्टेरॉल उतरलं नाही, कोंड्याच्या तेलाने एलडीएल ७ टक्के उतरलं. तुलनेसाठीचं तेलही तशाच मेदाम्लांचं (चरबीच्या मूळ घटकांचं) होतं. मग गुण कोणाचा? मेदाम्लं सोडून तेलात जे असतं त्याचाच.

निळाई
त्यात तेलाच्या चाचणीला १४ माणसं होती, आणि आहारातल्या चरबीचा तिसरा हिस्सा ते तेल. शिवाय ७ टक्के म्हणजे १६८चे १५६. बाबांना मधुमेह आहे, डॉक्टरांना शंभराच्या खाली हवंय.

मेतकूट
मला मुळात हे तेलच नको. कोंड्यात तेल १५-२० टक्के, घाण्यावर निघत नाही. हेक्झेन या रासायनिक द्रावकाने काढायचं, वर आम्लं काढायला कॉस्टिक सोडा. आमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल, ढेप गाईला.

धानपट्टी
हेक्झेन तापवून उडवतात, त्याची भीती नको. कॉस्टिकचं मात्र बरोबर बोललात, कारण दुसरं: त्या पद्धतीत बहुतेक ओरायझेनॉल साबणाच्या गाळात निघून जातं. वाफेने आम्लं काढली तर तेलात राहतं. त्यातून कोंडा लवकर खवट होतो. भरडाईनंतर तसाच पडू दिला की आम्लं वाढतात. उसन्या (उकडून वाळवलेल्या) धानाचा त्या मानाने टिकतो. म्हणून सगळ्या डब्यांना एका मापाने मोजू नका. आणि गोळी सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. डालडा नि पाम तेल सोडून लोक याच्याकडे वळले तर फायदाच आहे.

निळाई
तुम्ही म्हणत नाही, पण मामा म्हणाले आणि बाबांनी ऐकलं. डब्यावर हृदयाचं चित्र आणि पीपीएमचा आकडा ठळक, 'औषधं चालू ठेवा' कुठेच नाही. ती ओळ सक्तीची हवी, तेवढ्याच ठळक अक्षरात. बाबांची गोळी कालपासून पुन्हा सुरू झाली. तीन महिने फुकट गेले त्याचा राग अजून आहे.